व्याख्यांचे तास कमी करा, निरीक्षणाचे वाढवा : विशेष शिक्षण शिकवणाऱ्या विद्यापीठ विभागांना खुले पत्र

प्रति,
विशेष शिक्षण विभागांचे प्रमुख, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि शिकवणारे सर्व प्राध्यापक यांस,

स.न.वि.वि.

विशेष शिक्षणाची पदवी घेऊन वर्गात आलेल्या नव्या शिक्षकाला स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणे विचारली, तर तो न अडखळता सांगतो. त्यालाच समोरच्या मुलाची दहा मिनिटे नोंद घ्यायला सांगितली, की कागदावर येते : 'मूल चंचल आहे. लक्ष देत नाही. आक्रमक आहे.' या तीन वाक्यांवरून उद्या सकाळी काय करायचे, हे कुणालाच ठरवता येणार नाही. चूक त्या शिक्षकाची नाही. त्याला जे शिकवले तेच त्याने लिहिले.

तुमच्या पदवीधरांबरोबर आम्ही रोज काम करतो. आमच्यात विशेष शिक्षक आहेत, थेरपिस्ट आहेत आणि स्वतः अपंगत्व असलेले पदवीधरही आहेत. आमची मागणी एकच आहे. अभ्यासक्रम आज अपंगत्वाच्या प्रकारांवर उभा आहे. तो शिक्षकाला प्रत्यक्ष करावे लागणाऱ्या कामावर उभा करा.

आज बहुतेक ठिकाणी एका प्रकाराला एक पेपर असतो आणि प्रत्येक पेपरात व्याख्या, कारणे, वर्गीकरण, लक्षणे, शैक्षणिक उपाय हाच क्रम. हा साचा वैद्यकशास्त्रातून आला. तो मोडण्याचा प्रयत्न ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीने १९७८ सालीच केला. 'अमुक प्रकारचा अपंग' म्हणण्याऐवजी 'विशेष शैक्षणिक गरजा' म्हणा, कारण शिक्षकाला गरज कळली तरच पुढचे पाऊल टाकता येते, असे त्या समितीचे म्हणणे होते. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका येथे ९२ देशांच्या सरकारांनी समावेशक शिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाकडे पाहण्याचे नवे वर्गीकरण आणले. त्यात शरीराच्या कार्याबरोबरच व्यक्तीच्या कृती, तिचा सहभाग आणि तिच्या भोवतालचे वातावरण यांनाही स्थान मिळाले. २००६ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंगत्व हक्क करार झाला. ही सगळी सनावळी तुमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, पाच गुणांच्या प्रश्नात ते ती लिहितात आणि पुढचा पेपर उघडतात तो १९७८ च्या आधीच्या साच्यातलाच असतो.

निदान निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. निदान काय सांगत नाही, ते मात्र शिकवायला हवे. समजा, दोन मुले आहेत आणि दोघांच्याही कागदावर 'अल्पदृष्टी' लिहिले आहे. शिक्षक दोघांच्या प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापून घेतो. पहिल्या मुलाची नजर मध्यभागी अधू आहे, त्याला मोठ्या अक्षरांचा उपयोग होतो. दुसऱ्याची बाजूची नजर गेली आहे, नळीतून पाहावे तसे त्याला दिसते. अक्षरे मोठी झाली की त्याच्या नजरेच्या छोट्या वर्तुळात कमी अक्षरे मावतात आणि त्याचे वाचन आणखी मंदावते. त्याला नेहमीच्याच आकाराची, गडद, स्वच्छ छपाई आणि ओळीखाली धरायला पट्टी हवी असते. हे ठरवायला मोठी यंत्रे लागत नाहीत. सारख्या काठिण्याचे चार उतारे चार आकारांत छापा, मिनिटाला किती शब्द वाचले ते लिहा. ज्या आकारानंतर वेग वाढत नाही तो त्या मुलाचा आकार. वीस मिनिटांचे काम आहे आणि पदवी घेताना प्रत्येकाने ते किमान एकदा केलेले असले पाहिजे.

ऐकण्याच्या बाबतीतही तसेच. 'मध्यम श्रवणदोष, श्रवणयंत्र दिले आहे' एवढ्यावर फाइल मिटते. प्रत्यक्षात बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातले अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. एक मीटरवरून बोललेले चार मीटरवर १२ डेसिबल कमी पोहोचते. पंख्याचा, बाकांचा, बाहेरच्या रस्त्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो आणि श्रवणयंत्र तोही मोठा करून देते. अशा मुलाला शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असावा लागतो. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकाला ते जमणे शक्यच नाही, शिवाय ओठही दिसत नाहीत. म्हणून जागा कुठली, तोंड कुणीकडे, शिक्षकाच्या गळ्यातला मायक्रोफोन चालू आहे का, या गोष्टी श्रवणक्षमतेचा आलेख वाचण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. रोज सकाळी करायची सहा आवाजांची तपासणी (म, ऊ, आ, ई, श, स) एका मिनिटात होते. मुलाच्या मागे उभे राहून एकेक आवाज काढायचा, मुलाने तो परत म्हणायचा. 'श' आणि 'स' चुकू लागले तर उंच पट्टीतले आवाज ऐकू येणे बिघडले आहे. काहीच ऐकू येत नसेल तर बॅटरी पाहा. ही तपासणी न झाल्यामुळे बंद यंत्र कानाला लावून दिवस काढणारी मुले आहेत आणि त्यांच्या नोंदीत 'प्रतिसाद देत नाही' असे लिहिलेले असते.

आता निरीक्षणाकडे येतो, कारण आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव तिथे आहे. वर दिलेल्या 'आक्रमक आहे' या नोंदीच्या जागी असे काहीतरी यायला हवे :

१०.१२ – बाई : "वह्या काढा, फळ्यावरचं उतरवून घ्या."
१०.१३ – वही उघडली. दोन ओळी लिहिल्या. मनगट दोनदा झटकले.
१०.१५ – कंपासपेटी खाली फेकली. बाईंनी बाहेर उभे केले.
१०.१६ ते १०.३५ – दाराबाहेर. शांत.

आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले, हे तीन रकाने. पाच दिवस अशी नोंद ठेवली आणि कंपासपेटी फक्त लिहिण्याच्या तासाला पडते, तोंडी कामात एकदाही नाही, असे दिसले तर अर्थ उघड आहे. फेकले की लिहिण्यातून सुटका होते. बाईंना वाटते आपण शिक्षा दिली, पण मुलाला हवे तेच मिळाले, म्हणून उद्या ते पुन्हा फेकणार. उपाय 'वर्तन सुधारणे' या धड्यात सापडणार नाही. तो त्या झटकलेल्या मनगटात आहे. मुलाचे पाय जमिनीला टेकतात का? लोंबकळत्या पायांनी बसलेल्या मुलाचे धड स्थिर राहत नाही, त्याची भरपाई खांदा आणि मनगट करते आणि हात लवकर दुखतो. पायाखाली लाकडी पाट, उतारा निम्मा आणि 'थोडं थांबू?' हे विचारायला एक कार्ड. कार्ड दाखवले की लगेच थांबू द्यायचे, नाहीतर ते शिकवण्यात अर्थ नाही. पहिले काही दिवस फेकणे थांबणार नाही, कदाचित वाढेलही, कारण जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती अधिक जोर लावून वापरून पाहते. हे आधी माहीत नसलेला शिक्षक तिसऱ्या दिवशी सगळे सोडून देतो.

अशी नोंद वाचून येत नाही, करून येते. दोन विद्यार्थ्यांनी एकाच मुलाची तीच दहा मिनिटे वेगवेगळी नोंदवावी आणि मग कागद शेजारी ठेवावेत. जेवढ्या नोंदी जुळल्या त्यांना एकूण नोंदींनी भागून शंभराने गुणा. उत्तर ८० च्या खाली आले तर बहुतेक वेळा दोष शब्दांत असतो. 'चिडला' म्हणजे काय, यावर दोघांचे एकमत नसते. 'हातातली वस्तू फेकली आणि ती बाकाबाहेर पडली' यावर होते. तासाला एवढाच उद्योग करून वीस तास दिले, तरी ते दोनशे पानी नोट्सपेक्षा जास्त उपयोगाचे ठरतील.

निरीक्षण कच्चे असले की वैयक्तिक शिक्षण योजनाही कच्चीच होते. 'वाचनात सुधारणा होईल' हे उद्दिष्ट आम्ही शेकड्यांनी वाचले आहे. किती सुधारणा, कशात, कधीपर्यंत, आणि आज मूल कुठे आहे? 'पूर्वी न पाहिलेला, सोप्या शब्दांचा उतारा दिला असता, मदतीशिवाय मिनिटाला ३० शब्द, तीनपेक्षा कमी चुका, सलग तीन वेळा' असे लिहिले की कुणीही दुसरा शिक्षक ते तपासू शकतो. पण त्याआधी सुरुवातीची पातळी किमान तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलेली हवी, कारण एका दिवसाच्या आकड्यात झोप, सर्दी आणि भीती यांचाही वाटा असतो. ही पायरी वगळली जाते, म्हणून वर्षाच्या शेवटी 'प्रगती समाधानकारक' यापलीकडे काही लिहिता येत नाही.

चाचण्यांबद्दल थोडे, पण ठासून. दुसऱ्या भाषेतली वाचनचाचणी भाषांतरित करून वापरली, की तिचे मूळ निकष लागू राहत नाहीत. शब्दांची लांबी बदलते, ओळख बदलते, लिपीच बदलते. देवनागरी वाचणाऱ्या मुलाच्या चुका पाहा : मात्रा गळते, जोडाक्षर सुटे होते ('पुस्तक'चे 'पुसतक'), ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, त्यामुळे ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. एकेका अक्षराला एकेक ध्वनी मानून केलेल्या चाचणीत हे पकडलेच जात नाही. बुद्ध्यंकाचेही असेच. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ हे विद्यार्थ्यांना माहीत असते, पण ६८ आणि ७२ या दोन आकड्यांतला फरक चाचणीच्या मोजमापात होऊ शकणाऱ्या चुकीच्या मर्यादेतच बसतो, हे माहीत नसते. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतही बौद्धिक अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यंकावरून न ठरवता रोजच्या व्यवहारातल्या क्षमतेवरून ठरवतात. बुद्ध्यंकावर बेतलेला जुन्या चार पायऱ्यांचा तक्ता पाठ करून घेणे आता थांबवा.

शिकवण्याचे तंत्र हा दुसरा मोठा भाग. जाकिटाची चेन लावणे घ्या. खालची दोन टोके जुळवणे, टोक खाचेत बसवणे, एका हाताने खाली धरून ठेवणे, दुसऱ्याने कडी पकडणे, वर ओढणे, गळ्यापर्यंत नेणे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सुरुवात पहिल्या पायरीपासून करून दिली, तर सगळ्यात अवघड काम आधी येते आणि चेन लागलेली दिसण्याआधीच मूल हरते. म्हणून उलटे शिकवायचे. पाच पायऱ्या शिक्षकाने करायच्या आणि छातीपासून गळ्यापर्यंतचा शेवटचा ओढा मुलाने द्यायचा. काम पुरे झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो. तो ओढा जमला, की मग वर ओढण्यापासून पुढे. विद्यार्थी 'कार्यविश्लेषण' (काम असे लहान पायऱ्यांत मोडणे) या शब्दाची व्याख्या लिहितात, पण स्वतःच्या हाताने चेन लावताना त्यातल्या पायऱ्या मोजलेल्या नसतात. 'खाली धरून ठेवणे' ही पायरी जवळपास प्रत्येक जण विसरतो आणि मूल नेमके तिथेच अडते.

मदत देणे जितके शिकवता तितकेच ती मागे घेणेही शिकवा. हात धरून करून घेणे, मग कोपराला स्पर्श, मग बोट दाखवणे, मग नुसते थांबणे. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजण्याची सवय लावणे अवघड असते, शांतता सहन होत नाही आणि शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. ब्रिटनमध्ये २००३ ते २००८ या काळात शाळांतल्या मदतनिसांचा मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांना मदतनिसाचा आधार जास्त मिळाला, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाल्याचे त्यात दिसले. मदतनीस वाईट होते म्हणून असे झाले नाही. त्यांना पूर्वतयारीला वेळ मिळत नव्हता, त्यांचा भर काम पुरे करण्यावर होता आणि शिक्षक त्या मुलापासून दूर गेला होता. मदतनिसाबरोबर काम कसे वाटून घ्यायचे, याचा एकही तास बहुतेक अभ्यासक्रमांत नाही.

जे मूल बोलत नाही आणि चित्रांच्या किंवा शब्दांच्या फळीवरून संवाद साधते, त्याच्यापुढे विद्यार्थी फळी धरतात आणि 'पाणी दाखव, गाय दाखव' अशी परीक्षा घेत बसतात. बोलणारे मूल वर्षभर नुसते ऐकते आणि मग पहिला शब्द उच्चारते. फळीवरच्या मुलाला मात्र कुणी फळीवर बोलून दाखवलेलेच नसते. आधी शिक्षकाने स्वतः बोलता बोलता चित्रांवर बोट ठेवायचे, महिनोन् महिने, बदल्यात काहीही न मागता. आणि फळीवर फक्त नामे नकोत. 'अजून', 'नको', 'संपलं', 'माझं', 'थांब' हे शब्द दिवसभर लागतात, गाय क्वचित लागते.

डोळ्यांना पट्टी बांधून चालायला लावण्याचा कार्यक्रम कृपया बंद करा. अर्ध्या तासात विद्यार्थ्याला फक्त पहिल्या दिवसाची भीती कळते. पांढरी काठी वापरायला शिकलेली अंध व्यक्ती कशी वावरते, ते कळत नाही. अशा प्रयोगांनंतर अंध माणसांच्या क्षमतेबद्दलचे मत घसरते, असे अभ्यासांत दिसले आहे. त्या अर्ध्या तासात ब्रेल पाटीवर लिहायला शिकवा. सहा टिंबांच्या ६३ रचना, लिहिताना उजवीकडून डावीकडे आणि आरशातल्यासारखे उलटे, कारण कागद पालटून वाचायचा असतो. दोन व्याख्यानांत ब्रेल येत नाही. रोज वीस मिनिटे असे एक सत्र लागते. खुणांच्या भाषेचे तर याहून अधिक, आणि ती कर्णबधिर शिक्षकांनीच शिकवावी. १८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत ऐकू येणाऱ्यांनी ठरवले, की कर्णबधिरांच्या शाळेत खुणा वापरू नयेत. त्या ठरावाबद्दल परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. मधली १३० वर्षे कुणाच्या शिक्षणातून वजा झाली, हे कर्णबधिर शिक्षकाच्या तोंडून नव्हे, त्याच्या हातांतून विद्यार्थ्यांना कळू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्व हक्क करारातले कलम २४ अपंगत्व असलेल्या शिक्षकांची नेमणूक करण्याबद्दल स्पष्ट बोलते. तुमच्या विभागात असे किती जण आहेत?

आणि तुमचा स्वतःचा वर्ग? विशेष शिक्षण शिकायला अपंगत्व असलेले विद्यार्थी मोठ्या आस्थेने येतात आणि त्यांना मिळतात ते झेरॉक्स करून पुन्हा स्कॅन केलेले कागद. त्या फाइलमधल्या एका वाक्यावर कर्सर ओढून पाहा. शब्द निवडले जात नसतील तर ते चित्र आहे आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ते थेट वाचणार नाही. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या नोट्स त्याहून फसव्या. डोळ्याला देवनागरी दिसते, पण स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ म्हणतो. शीर्षके ठळक करून भागत नाही, ती शीर्षक म्हणूनच नोंदवावी लागतात, तरच अंध विद्यार्थी चाळीस पानांत हवा तो भाग गाठू शकतो. खुणांच्या भाषेच्या दुभाष्याला स्लाइड आदल्या दिवशी तरी मिळाव्यात, आणि तासाभराच्या व्याख्यानाला दोघे असावेत, दर वीसेक मिनिटांनी आलटून पालटून. परीक्षेत जादा वेळ दिला म्हणजे सोय झाली असेही नाही. आकृती वाचताच येत नसेल तर जादा अर्धा तास ती वाचण्यायोग्य करत नाही.

प्रात्यक्षिकांसाठी आमची ठोस सूचना अशी. आज विद्यार्थी चार-पाच संस्थांना दोन दोन आठवडे भेट देतो, प्रत्येक ठिकाणी एक केस स्टडी लिहितो आणि जर्नल जमा करतो. मुलाला ओळखेपर्यंत तो निघून गेलेला असतो. त्याऐवजी एक मूल, १२ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा. पहिले तीन आठवडे फक्त निरीक्षण आणि सुरुवातीच्या पातळीची मोजणी, शिकवायचे नाही. चौथ्या आठवड्यात एकच उद्दिष्ट, पालक आणि वर्गशिक्षक यांच्याशी बसून ठरवलेले. मूल सांगू शकत असेल तर त्यालाही विचारून. मग सहा आठवडे शिकवणे, प्रत्येक भेटीला आलेखावर एक टिंब. सलग चार टिंबे हलली नाहीत तर पद्धत बदलायची आणि का बदलली ते लिहायचे. शेवटचे दोन आठवडे मदत मागे घेण्यासाठी आणि काम वर्गशिक्षकाच्या हवाली करण्यासाठी. शेवटचा दिवस कोणता, हे मुलाला आधीपासून दिनदर्शिकेवर दाखवून ठेवायचे. अचानक नाहीसे होणारे शिक्षक या मुलांच्या वाट्याला आधीच खूप आलेले असतात.

जर्नलमध्ये मुलाचे नाव, फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील नको, पालकांची लेखी संमती असली तरी नको. गुण आलेख वर गेला की नाही यावर देऊ नका, नाहीतर आकडे बनवले जातील. नोंद नेमकी आहे का, बदलाचे कारण नोंदीतून निघते का, यावर द्या. उद्दिष्ट साध्य झाले नाही आणि का नाही हे ज्याने दाखवले, त्याचे जर्नल उत्तम समजा. त्यासाठी एका प्राध्यापकाकडे आठ-दहाहून जास्त विद्यार्थी नसावेत आणि प्राध्यापकाने किमान तीन वेळा वर्गात मागे बसून स्वतः नोंद घ्यावी. इथे पैसा आणि माणसे लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तासिकांचा प्रश्न मात्र सुटू शकतो. प्रकारवार पेपरांत व्याख्या आणि वर्गीकरणे पुन्हा पुन्हा येतात, ती एका पायाभूत पेपरात आणली तर निरीक्षण, उद्दिष्टलेखन आणि शिकवण्याची तंत्रे यांना जागा होते.

अभ्यासक्रमाची फेररचना व्हायला वेळ लागेल. पण दोन गोष्टींना कुणाच्या मंजुरीची गरज नाही. या सत्राच्या नोट्स युनिकोडमध्ये आणून शीर्षकांसह पुन्हा द्या, आणि पुढच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला दोन विद्यार्थी, एक मूल, दहा मिनिटे असा नोंदीचा सराव घ्या. तीन रकान्यांचे कोरे तक्ते, वाचनवेग मोजण्याचे चार आकारांतले उतारे आणि सहा आवाजांच्या तपासणीची पट्टी आम्ही कोणत्याही विभागाला विनामूल्य देऊ, आणि बोलावलेत तर वापरूनही दाखवू.

कळावे,
आपल्या पदवीधरांबरोबर काम करणारे
विशेष शिक्षक, थेरपिस्ट आणि माजी विद्यार्थी